गाळ, वाळू आणि नळ : पांझराकाठच्या पाण्याचा इतिहास

खानदेशातील सिंचनाचा इतिहास आजवर बहुधा पाण्याच्या मोजमापाने लिहिला गेला आहे. बंधारे किती, कालवे किती, भिजलेले क्षेत्र किती, असे त्याचे स्वरूप असते. प्रत्यक्षात या प्रदेशातील नद्या नुसते पाणी आणत नाहीत. सह्याद्रीच्या पूर्व अंगाला उगम पावणाऱ्या पांझरा, कान, मोसम आणि गिरणा या नद्या, तसेच सातपुड्यावरून तापीकडे उतरणारे असंख्य नाले पुराबरोबर बेसाल्टचे गोटे, मुरूम, वाळू आणि काळ्या मातीचा गाळ खाली घेऊन येतात, आणि जो कोणी हे पाणी आपल्या शेताकडे वळवू पाहतो त्याच्यापुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात: पाणी पुढे न्यायचे कसे, आणि त्याच्याबरोबर आलेला घन भाग टाकायचा कुठे. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरा मागे राहिला. आणि तरीही बंधारे बुजले, पाट सोडून द्यावे लागले, धरणे उथळ झाली, ती बहुतेक या दुसऱ्या प्रश्नापायीच. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत त्याला वेगवेगळ्या काळी तीन उत्तरे दिली गेली: फडाचा बंधारा, प्रवाहाच्या तळाखालून नेलेला नळ आणि औष्णिक वीज केंद्राची राख वाहणारी नळवाहिनी.

या तिन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच भौतिक नियम आहे. पाण्याबरोबर घन कण वाहत राहतात ते पाण्याच्या वेगामुळे, आणि हा वेग एका ठरावीक मर्यादेखाली उतरला की कण तळाशी बसू लागतात. मर्यादा कणाच्या आकारावर आणि वजनावर अवलंबून असते. चिकणमातीचे सूक्ष्म कण जवळजवळ स्थिर पाण्यातही तासन्‌तास तरंगत राहतात. वाळूला वाहते ठेवण्यासाठी पाण्याला सेकंदाला अर्ध्या ते एक मीटरपेक्षा अधिक वेग लागतो. सुपारीएवढे खडे पुढे ढकलायचे तर वेग त्याहूनही बराच वाढवावा लागतो, आणि तेव्हाही ते तरंगत नाहीत, तळावरून घरंगळत, घासत, उड्या घेत सरकतात. बेसाल्ट हा पाण्याच्या सुमारे पावणेतीन ते तीनपट जड खडक असल्यामुळे बुडालेल्या गोट्याचे वजन जवळपास एक तृतीयांशाने हलके होते, आणि एवढ्या सवलतीवर पूर त्याला कित्येक मैल घेऊन जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांच्या उत्तर कडेला, डोंगरातून आलेले ओढे सपाटीवर येताच त्यांचा वेग मोडतो आणि बरोबरचे धोंडे, गोटे व वाळू तेथेच पसरतात. भूगर्भशास्त्रात या पायथ्याच्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. जळगाव जिल्ह्याच्या केळीच्या बागा ज्या भूजलावर वाढल्या, त्याचे भरण मोठ्या प्रमाणात याच गोट्या-वाळूच्या थरांतून होत आले आहे.

दक्षिणेकडे, धुळे जिल्ह्याच्या साक्री आणि धुळे तालुक्यांत आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील बागलाण, कळवण व मालेगाव भागात, माणसाने या नियमाशी जुळवून घेण्याची जी रीत बसवली ती फड पद्धती होय. तिचे वय साधारणपणे तीनशे ते चारशे वर्षे मानले जाते, आणि परंपरा तिचा आरंभ मुसलमानी अमदानीकडे, विशेषतः १६०१ साली अकबराने असीरगड घेईपर्यंत खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याकडे नेते. नदीच्या पात्रात जेथे खडक उघडा पडतो तेथे त्या खडकाच्या आधाराने चुनेगच्चीचा ठेंगणा बंधारा घालायचा, त्याच्या एका टोकापासून कालवा काढायचा, कालव्यातून चाऱ्या फोडायच्या आणि चाऱ्यांखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडून प्रत्येक फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे, अशी ही रचना आहे. बंधारा आणि त्याखाली भिजणारी सगळी जमीन मिळून एक थळ होते. बंधारे सहसा सरळ रेषेत नाहीत. खडक जसा वळला तशी भिंत वळली, आणि त्यामुळे पाया आयता मिळाला.

या बंधाऱ्यांचा सर्वांत महत्त्वाचा गुण असा, की ते पाणी साठवण्यासाठी बांधलेले नव्हते. कालव्याच्या तोंडापर्यंत पाण्याची पातळी उचलून धरणे एवढेच त्यांचे काम होते, आणि म्हणून भिंतीच्या वरच्या अंगाला गोटे आणि वाळू माथ्यापर्यंत भरली तरी त्या कामात फारसे अडत नसे. पूर आला की तो माथ्यावरून ओसंडून जाई आणि जड भाराचा मोठा हिस्सा आपल्या वेगानेच पुढे घेऊन जाई. कालव्यात शिरलेले जादा पाणी सांडव्याने नदीला परत दिले जाई, आणि त्याबरोबर गाळाचाही काही वाटा परतत असे. उरलेला बारीक गाळ कालव्यात आणि शेतात उतरे. शेतात तो उपकारक होता, कालव्यात अपायकारक. ठेंगणी भिंत आणि मोकळा माथा ही रचना आजच्या अभियंत्यालाही पटणारी आहे, कारण तिने गाळाला अडवण्याचा अट्टहास केला नाही, त्याला वाट दिली.

कालव्यात बसणाऱ्या गाळाचा बंदोबस्त मात्र दगडी रचनेने होणारा नव्हता. तो माणसांच्या शिस्तीने होत असे. पावसाळ्यापूर्वी थळातील शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीच्या प्रमाणात अंगमेहनत देऊन कालवा आणि चाऱ्या उपसायच्या, फुटलेले काठ बांधून काढायचे, हा फडाच्या व्यवहाराचा कणा होता. पाणी सोडणारा पाटकरी, बंधाऱ्याची आणि पिकाची राखण करणारा जागल्या, देखरेख करणारा हवालदार आणि सर्वांवर पंच अशी माणसांची साखळी होती, आणि सेवकांचा मोबदला बहुतेक धान्यात मिळत असे. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे पंच ठरवीत, आणि शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्यामुळे टंचाईचा भारही वाटला जाई. फड पद्धतीवर लिहिताना अभ्यासक पाणीवाटपाच्या या न्यायाचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु वार्षिक उपसणी नसती तर वाटायला पाणीच शेतापर्यंत पोचले नसते, हे तितक्याच ठळकपणे सांगायला हवे.

याच प्रदेशाच्या जुन्या राजधानीत, बुऱ्हाणपुरात, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांनी शहरात आणले गेले. कुंडी भंडारा या नावाने प्रसिद्ध असलेली ही योजना येथे एवढ्यासाठीच नोंदवायची, की तिच्यात गाळाचा प्रश्न उगमापाशीच सुटलेला होता: पाणी जमिनीतून गाळून येत असल्यामुळे बरोबर वाळू जवळजवळ नव्हती, आणि ठरावीक अंतरावर खणलेल्या विहिरींसारख्या कुंड्यांमधून हवा आणि साफसफाईची सोय होती. बंद मार्गातून पाणी नेण्याची कला खानदेशाला नवी नव्हती. गढूळ, वाळूमिश्रित पाणी बंद नळातून नेणे ही मात्र वेगळीच गोष्ट होती, आणि तिचा प्रसंग पांझराकाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावात आला.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे या उद्ध्वस्त मुलखाचा कारभार सोपवण्यात आला. लागोपाठच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि दुष्काळ यांनी गावे ओस पडली होती आणि अनेक बंधारे मोडकळीस आले होते. पुढील दशकांत सरकारने काही जुने बंधारे दुरुस्त केले आणि काही नवी कामे हाती घेतली. गिरणेवर चाळीसगाव तालुक्यात जामदा येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला बंधारा आणि त्याचे दोन्ही तीरांवरचे कालवे हे त्यांतील सर्वांत मोठ्या कामांपैकी एक. १८७९ साली मुंबई पाटबंधारे कायदा झाला आणि १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड निघाला, ज्यात येथील नद्या, बंधारे आणि बागायत यांचे तपशीलवार वर्णन आहे. कागदोपत्री व्यवस्था अशी सिद्ध झालेली असताना, १८८४ साली, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला एक तरुण सहायक अभियंता सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाला आणि लवकरच खानदेशात पाठवला गेला. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या कामांपैकी एक होते साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाचा सायफन घालणे. नाला किंवा नदी ओलांडून कालव्याचे पाणी पलीकडे न्यायचे तर दोन मार्ग असतात: वरून जलसेतू बांधायचा, किंवा पाणी एका तीरावर खाली उतरवून, पात्राच्या तळाखालून नळाने नेऊन, दुसऱ्या तीरावर पुन्हा वर काढायचे. दुसऱ्या रचनेला अभियंते उलटा सायफन म्हणतात. नेहमीच्या सायफनात पाणी आधी वर चढते आणि मग उतरते. येथे क्रम उलट असतो, आणि पाण्याला पलीकडे वर चढवणारे बळ एवढेच, की आत शिरण्याच्या तोंडाची पातळी बाहेर पडण्याच्या तोंडापेक्षा थोडी उंच ठेवलेली असते. या पातळ्यांतील फरकाला शीर्ष म्हणतात, आणि नळाच्या आतील घर्षण, वळणे व तोंडे यांत जो काही अडथळा होईल तो सगळा या शीर्षातून भरून निघावा लागतो. जलसेतूला उंच खांब लागतात आणि ते पुराच्या माऱ्यात उभे राहतात. सायफन पुराच्या खाली दडतो, म्हणून खानदेशातील अवखळ प्रवाहांना तो सोयीचा.

सोयीचा, पण बांधताना आणि चालवताना वाळूशी झुंज देणारा. विश्वेश्वरय्यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या कामाचा उल्लेख केला आहे. पावसाळा सुरू झाला, पुराने खोदकामात वाळू आणून भरली, आणि काम पाऊस ओसरेपर्यंत थांबवावे असे त्यांनी वरिष्ठांना सुचवले. वरिष्ठांना ते रुचले नाही, आणि तरुण अभियंत्याने अखेर ते काम पुरात आणि वाळूतच तडीस नेले. पुढे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, म्हैसूरचे दिवाणपद आणि भारतरत्न अशी ज्यांची कीर्ती झाली, त्यांच्या कारकिर्दीचे पहिले धडे पांझरेच्या वाळूने दिले, ही धुळे जिल्ह्याच्या इतिहासातील अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. त्यांच्या चरित्रांतून हा प्रसंग बहुधा जिद्दीचे उदाहरण म्हणून येतो. त्यामागचा तांत्रिक प्रश्न अधिक खोल आहे आणि तो उलगडून पाहायला हवा.

उलट्या सायफनाचा सर्वांत खोल भाग हाच त्याचा दुबळा भाग असतो. उघड्या पाटात गाळ बसला तर तो दिसतो आणि फावड्याने उपसता येतो. नदीच्या तळाखालच्या नळात बसलेला गाळ दिसत नाही, आणि हात तेथे पोचत नाही. म्हणून नळातला वेग कधीही गाळ बसू लागण्याच्या मर्यादेखाली जाऊ द्यायचा नसतो. आता वेग म्हणजे दर सेकंदाला येणारे पाणी भागिले नळाचे छेदक्षेत्र. ३० सेंटिमीटर व्यासाच्या नळातून सेकंदाला ७० लिटर पाणी गेले तर वेग सुमारे एक मीटर पडतो, आणि वाळू कशीबशी वाहत राहते. तेच पाणी १५ सेंटिमीटरच्या नळातून नेले तर वेग चौपट होतो. वाळूच काय, लहान खडेही पुढे जातात, परंतु घर्षण वेगाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्यासाठी लागणारे शीर्ष इतके मोठे होते, की ठेंगण्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्याला ते परवडत नाही. याउलट हिवाळा सरून नदी आटू लागली आणि पाणी निम्म्यावर आले, की मोठ्या नळातला वेगही निम्म्यावर येतो आणि पावसाळ्यात वाहून जाणारी वाळू फाल्गुन-चैत्रात तळाशी बसते.

खड्यांची गोष्ट आणखी अवघड. नळ पलीकडच्या तीरावर जेथे वर चढतो तेथे खड्याला पाण्याच्या रेट्याबरोबर स्वतःच्या वजनाशीही झगडावे लागते. एक सेंटिमीटर जाडीचा बेसाल्टचा खडा स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरच्या वेगाने खाली पडतो, म्हणजे उभ्या नळात वर जाणाऱ्या पाण्याचा वेग त्याहून कमी असला तर तो खडा कधीच वर येणार नाही. तिरक्या नळात तर तो तळाशी टेकून मागे घसरतो आणि चढणीच्या पायथ्याशी साचत राहतो. म्हणूनच सायफनाच्या रचनेत काही गोष्टी रूढ झाल्या. आत शिरण्याआधी एक खोल कुंडी ठेवायची, जिच्यात वेग मंदावून गोटे आणि जाड वाळू खाली बसेल आणि ती वेळोवेळी काढता येईल. तोंडाशी गजांची जाळी लावायची. सर्वांत खालच्या बिंदूला एक झडप ठेवायची, जी उघडली की साचलेला गाळ दाबाने बाहेर फेकला जाईल. आणि शक्य असेल तेथे एका मोठ्या नळाऐवजी लहान-मोठे दोन-तीन नळ जोडीने टाकायचे, म्हणजे पाणी कमी झाले की एकच लहान नळ चालू ठेवून वेग राखता येतो. या प्रत्येक युक्तीचा अर्थ एकच: जे नळातून जाऊ शकत नाही ते आधी वेगळे करायचे, आणि जे जाऊ शकते त्याला थांबू द्यायचे नाही.

दातर्तीला वाळू उपसली जात होती त्याच सुमारास, ७ जानेवारी १८८४ रोजी, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी एक निकाल दिला, ज्याचा विषय पाणी आणि गोट्यांचे मिश्रण हाच होता. तेथील सोन्याच्या खाणींत १८५० च्या दशकापासून उंचावरून नळाने आणलेले पाणी जोरदार फवाऱ्याने टेकड्यांवर मारून वाळू-गोट्यांचे थर फोडले जात आणि तो सगळा लगदा लाकडी पन्हळींतून वाहवून सोने वेगळे केले जाई. उरलेले गोटे आणि गाळ नद्यांत सोडले जात. नद्यांची पात्रे वर आली, शेते गाळाखाली गेली, गावांत पूर शिरले, आणि शेवटी न्यायालयाने हा गाळ नदीत सोडण्यास मनाई केली. फडाच्या पंचांना हा वाद सहज समजला असता, कारण वरच्याने सोडलेले खालच्याच्या शेतात येते हे त्यांच्या रोजच्या न्यायनिवाड्याचे सूत्र होते.

गाळ न बसण्याच्या वेगाचे पहिले व्यवस्थित सूत्र भारतातच मांडले गेले. पंजाबातील अप्पर बारी दोआब कालव्यावर निरीक्षणे घेऊन आर. जी. केनेडी यांनी १८९५ साली असे दाखवले, की कालव्याची खोली आणि त्यात गाळ न बसू देणारा वेग यांत निश्चित नाते आहे. भरलेल्या नळांसाठी असाच नियम शोधायला आणखी अर्धे शतक जावे लागले; १९५० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील ग्रेनोबल येथे दुराँ आणि काँडोलिओस यांनी वाळू आणि खडे वेगवेगळ्या व्यासांच्या नळांतून वाहवून पाहिले आणि कण तळाशी बसू लागण्याचा वेग नळाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो असे मांडले. नळ जितका मोठा तितका तो तुंबू न देण्यासाठी लागणारा वेगही मोठा, हे त्याचे व्यावहारिक तात्पर्य, आणि जगभरच्या खाणींतील नळवाहिन्या आजही या पायावर आखल्या जातात.

महाराष्ट्रात खाणींच्या कामी ही विद्या प्रामुख्याने विदर्भात रुजली. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील मँगनीजच्या भूमिगत खाणींत खनिज काढून झालेल्या पोकळ्या वाळूने भरतात: वर वाळू आणि पाणी एकत्र करून ते मिश्रण नळाने खाली सोडायचे, पोकळीच्या तोंडाशी बांध घालायचा, पाणी झिरपून बाहेर येते आणि ते उपसून पुन्हा वापरतात, वाळू आत घट्ट बसून छताला आधार देते. घन कण आणि पाणी यांच्या अशा वाहत्या मिश्रणाला व्यवहारात स्लरी म्हणतात. खानदेशात अशा खाणी नाहीत. येथे स्लरी आली ती कोळशाच्या राखेच्या रूपाने.

भुसावळजवळ दीपनगर येथे १९६८ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या औष्णिक वीज केंद्राचा ६२.५ मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. १९७९ आणि १९८२ साली २१० मेगावॅटचे दोन संच आले, आणि पुढे महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीच्या काळात ५०० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४० टक्के असते. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर तो दिवसाला तीन हजार टनांहून अधिक कोळसा जाळतो आणि हजार टनांच्या आसपास राख मागे ठेवतो. यातील सुमारे चार पंचमांश राख धुराबरोबर वर जाते आणि धूळरोधक यंत्रांत पकडली जाते, ती उडती राख. उरलेली जाडीभरडी राख भट्टीच्या तळाशी पडते, ती तळराख. पारंपरिक रीतीनुसार दोन्ही पाण्यात कालवून, राखेच्या एका भागाला पाण्याचे साधारण पाच ते दहा भाग अशा पातळ प्रमाणात, पंपांनी नळांतून दूर बांधलेल्या राखेच्या तळ्यात, म्हणजे बंडात, सोडतात. दीपनगरची राख अशीच वेल्हाळे येथील बंडात जात आली. बंडात वेग नाहीसा होतो, राख खाली बसते, निवळलेले पाणी दुसऱ्या टोकाने निघते.

राखवाहिनीचा अनुभव पांझराकाठच्या सायफनाच्या अनुभवाशी किती मिळताजुळता आहे ते पाहण्याजोगे आहे. तळराखेतले खडबडीत कण नळाच्या तळाशी घासत जातात, म्हणून नळाची जाडी वरून शाबूत राहून खालून झिजते. यासाठी असे नळ ठरावीक काळाने थोडे फिरवून बसवण्याची पद्धत आहे, म्हणजे झीज सगळ्या परिघावर वाटली जाते. वळणांच्या ठिकाणी झीज सर्वांत जास्त असते. वितळवून ओतलेल्या बेसाल्टचे अस्तर नळाला आतून लावण्याची रीत जगभर रूढ आहे. ज्या दगडाचे गोटे फडाच्या पाटात अडसर ठरत, तोच दगड येथे नळाला वाचवतो. पंप अचानक बंद पडला तर नळातील राख तेथेच बसते, म्हणून थांबण्यापूर्वी साधे पाणी सोडून नळ धुऊन काढावा लागतो. पंप आणि पोलाद आले तरी उपसणी आणि धुलाई यांतून सुटका झालेली नाही. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने उडत्या राखेच्या वापराचे बंधन घालणारी पहिली अधिसूचना काढली आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने ते बंधन अधिक कडक केले. परिणामी कोरडी राख सिमेंट, विटा आणि भराव यांकडे वळू लागली, आणि पाण्यात कालवून टाकून देणे हा शेवटचा पर्याय मानला जाऊ लागला.

दीपनगरची राख वाहून नेणारे पाणी तापीवरील हतनूर धरणातून येते, आणि गाळाच्या दृष्टीने हतनूरची कथा या संपूर्ण इतिहासातील सर्वांत गंभीर कथा आहे. चांगदेवजवळ तापीला पूर्णा मिळते. या संगमाच्या खाली १९८२ साली पूर्ण झालेले हे धरण आहे. पूर्णा विदर्भातील अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीतून येते आणि तिचा गाळ अतिशय बारीक व भरपूर असतो. वाहत्या नदीत जो गाळ वेगाने पुढे गेला असता तो जलाशयाच्या संथ पाण्यात बसतो आणि साठवण वर्षानुवर्षे घटत जाते. धरणाला ४१ दरवाजे आहेत, आणि पावसाळ्याच्या आरंभी ते उघडून पहिले गढूळ पाणी पुढे जाऊ देण्याची पद्धत त्यामुळेच पडली आहे. ही पद्धत म्हणजे फडाच्या बंधाऱ्याने न बोलता पाळलेला नियम, गाळाला वाट द्यावी, हा मोठ्या धरणाने उशिरा स्वीकारणे होय.

खुद्द पांझरेच्या खोऱ्यात लाटीपाडा, मालनगाव, जामखेडी आणि अक्कलपाडा ही धरणे झाली. त्यांनी साक्री आणि धुळे तालुक्यांना दिलेला लाभ मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु वरच्या अंगाला पाणी अडल्याने खालच्या बंधाऱ्यांना मिळणारा नैसर्गिक प्रवाह बदलला, विहिरी आणि विजेचे पंप आल्याने शेतकरी पाटावर पूर्वीइतका अवलंबून राहिला नाही, आणि ज्याला पाटाची गरज नाही तो पाट उपसायला येत नाही. पात्रातील वाळूला बांधकामाच्या बाजारात किंमत आली, तसा तिचा बेसुमार उपसा होऊन बंधाऱ्यांच्या खालच्या बाजूचा तळ खचू लागला आणि ज्या खडकावर भिंती उभ्या आहेत त्याची कडच उघडी पडण्याचा धोका निर्माण झाला. गाळाने बुजणे आणि वाळूच्या उपशाने खचणे ही एकाच नदीची दोन दुखणी आहेत, आणि दोन्ही घन भागाकडे दुर्लक्ष केल्याने ओढवलेली आहेत.

राज्य शासनाने २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली आणि तलावांतील गाळ काढून शेतात पसरवण्यास उत्तेजन दिले. योजनेचा विचार योग्य आहे. मात्र खानदेशाचा अनुभव सांगतो, की यंत्राने एकदा केलेली उपसणी पुरत नाही. ती दरवर्षी करणारी आणि तिच्यासाठी जबाबदार धरता येणारी संस्था लागते. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना सिंचन व्यवस्थापनाचे अधिकार दिले. साक्री आणि धुळे तालुक्यांत अशा संस्था नव्याने घडवण्याची गरज नाही, त्यांचा नमुना फडाच्या पंचांच्या रूपाने शतकानुशतके अस्तित्वात आहे. पाटबंधारे खात्याने पांझरा खोऱ्यातील प्रत्येक जुन्या बंधाऱ्याची, कालव्याच्या तोंडाची आणि दातर्तीसारख्या सायफनांची मोजणी करावी, बंधाऱ्यांच्या लगत वाळूचा उपसा पूर्ण बंद ठेवावा, आणि मृगाआधीच्या उपसणीचा खर्च व अधिकार दोन्ही थळातील शेतकऱ्यांच्या हाती द्यावेत.